सहा वर्षांच्या मुलासाठी 'आपण आहोत तसेच बरे' या विषयावरची चित्रपुस्तकं सुचवा (सुविचार नकोत)

सात_ते_सात:

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर अॅडमिननी हलवावा.

माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, पहिलीत. आमच्या सासूबाई रोज सकाळी दारात रांगोळी काढतात, फ्लॅटचं दार म्हणजे जागा ती केवढी, दोन फरश्या, पण रोज काढतात. हा तीन वर्षांचा असल्यापासून त्यांच्या शेजारी उकिडवा बसायचा. आधी नुसते ठिपके द्यायचा, मग रेघ ओढायला लागला आणि गेल्या वर्षभरात तर त्याची रेघ आजीपेक्षा बारीक यायला लागली, चिमटीतून रांगोळी सोडताना जिभेचं टोक बाहेर आणि श्वास बंद, रेघ संपली की मग हुश्श. दिवाळीत सात ते सात ठिपक्यांचं कमळ त्याने एकट्याने पूर्ण केलं, आम्ही फोटोबिटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकले.

भाऊबीजेला घर भरलेलं होतं. त्यात याच्याहून मोठ्या एका भावाने "आल्या आल्या, रांगोळीवाल्या ताई आल्या" असं म्हटलं, पोरं हसली, मोठी माणसंही हसली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं हे मलाही कळतं आणि खरं सांगायचं तर मीपण कसनुसं हसले, ते मला अजून टोचतंय. दुसऱ्या दिवशी आजीने हाक मारली तर हा अंथरुणातूनच म्हणाला, मला नाही आवडत रांगोळी, कधीच आवडत नव्हती.

कधीच आवडत नव्हती म्हणे! गणिताच्या वहीचं शेवटचं पान उघडून बघितलं तर चौकटीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर पेन्सिलीने ठिपके, अख्खं पान भरलंय. सासूबाई काही बोलत नाहीत, फक्त रांगोळीचा डबा हल्ली वरच्या फळीवर न ठेवता चपलांच्या स्टँडवर ठेवतात, त्याच्या हाताला येईल असा.

तर मला पुस्तकं हवी आहेत. एका प्रदर्शनातून एक आणलं होतं, त्यात एक ससा आहे आणि पानापानावर कुणी ना कुणी भेटून त्याला तू किती खास आहेस ते सांगतं. सातव्या पानाला पोरगं म्हणालं, आई हे फळ्यावरच्या सुविचारासारखं आहे. तर तसलं नको. मराठी असेल तर उत्तमच, इंग्रजी असलं तरी चालेल, मी वाचता वाचता मराठीत सांगते. बजेट यथातथाच आहे.

डोंबिवलीची_मावशी:

तुमच्या मुलाचं सशाबद्दलचं मत वाचून मोठ्याने हसले, समीक्षक होणार पोरगा.

मी घरातल्या एका खोलीत मुलांचं वाचनालय चालवते, त्यामुळे या विषयावरची पुस्तकं ढिगाने बघितलीत आणि त्यातली निम्मी तुमच्या सशासारखीच असतात. माझं पहिलं नाव कायम एकच, फर्डिनंड. मन्रो लीफ यांनी लिहिलं आणि रॉबर्ट लॉसन यांनी चित्रं काढली, १९३६ सालचं आहे, सगळं काळंपांढरं, रंगाचा एक ठिपका नाही. स्पेनमधला एक गोऱ्हा, बाकीचे गोऱ्हे दिवसभर उड्या मारतात टकरा घेतात आणि याला फक्त झाडाखाली बसून फुलांचा वास घ्यायचा असतो. झाड बुचाचं, म्हणजे ज्याच्या सालीपासून बाटलीची बुचं होतात ते, आणि लॉसनसाहेबांनी त्या झाडाला चक्क तयार बुचांचे घोस लटकवलेत, चिकूसारखे. मुलांना पहिल्या वाचनात दिसत नाहीत, तिसऱ्या-चौथ्या वेळी कुणीतरी ओरडतं आणि मग सगळी त्या पानावर तुटून पडतात.

गोष्ट अशी पुढे जाते की मोठा झाल्यावर माद्रिदच्या झुंजीसाठी बैल निवडायला माणसं येतात, हा बिचारा बसायला जातो तो नेमका भुंग्यावर, भुंगा डसतो, हा बोंबलत उधळतो आणि त्या माणसांना वाटतं वा काय खतरनाक बैल आहे, घेऊन जातात. मैदानात भालेवाले बिलेवाले सगळे घाबरलेले आणि हा मधोमध जाऊन बसतो, कारण प्रेक्षकांतल्या बायकांनी केसांत फुलं माळलेली असतात. शेवटी कंटाळून त्याला घरी आणून सोडतात. संपली गोष्ट. कुणी त्याला शाबास म्हणत नाही, तो कुणाला वाचवत नाही, बदलत नाही.

ते पुस्तक आलं त्याच वर्षी स्पेनमध्ये यादवी पेटली होती, त्यामुळे बैल लढत नाही याचे लोकांनी हवे ते अर्थ काढले. फ्रँकोच्या स्पेनमध्ये त्यावर बंदी आली, हिटलरच्या जर्मनीत ते जाळलं गेलं. फुलांचा वास घेणाऱ्या बैलाला केवढे ते घाबरले बघा.

पण मला त्यात सगळ्यात आवडते ती त्याची आई. तिला काळजी वाटते की हा एकटा पडेल, ती जाऊन विचारते, तो म्हणतो मला इथेच बरं वाटतं, आणि तिला दिसतं की हा खरंच एकटा नाहीये, सुखात आहे, मग ती त्याला बसू देते. दोन पानांत काम तमाम, आम्हाला मात्र ते समजायला पुस्तकं लागतात, धागे लागतात.

एकच विनंती, वाचून झाल्यावर "मग यातून काय शिकलास" असं चुकूनही विचारू नका. आणि रांगोळीचं नाव तर काढूच नका.

खवट_आजोबा:

आमच्या लहानपणी ही असली साहेबी पुस्तकं नव्हती, तरी आम्ही झालोच की मोठे. कुरूप बदकाची गोष्ट होती, अँडरसनची. गदिमांनी त्यावर गाणं लिहिलं, आशाबाईंनी गायलं, अख्ख्या महाराष्ट्राच्या पोरांना तोंडपाठ. ते ऐकवा, फुकट आहे.

आणि पोराला गुणवंत मांजरेकरांच्या रांगोळ्यांचे फोटो दाखवा. पुरुष माणूस, नुसत्या रांगोळीतून माणसाचा चेहरा असा उभा करायचे की फोटो वाटावा. रांगोळीवाल्या ताई म्हणणाऱ्या त्या भाच्यालाही बसवा शेजारी आणि दाखवा. विषय संपला.

जर्सीतला_बाबा:

आजोबा, मांजरेकरांना अनुमोदन, पण बदकावर जरा भांडू द्या. लहानपणी ते गाणं लागलं की मी रडायचो, अजूनही कुठे लागलं तर घशात काहीतरी होतं. पण मुलगी झाल्यावर तीच गोष्ट तिला सांगायला बसलो आणि मधेच अडकलो, कारण त्या पिल्लाची सुटका होते ती ते राजहंस निघालं म्हणून. समजा नसतं निघालं तर? समजा ते खरंच एक वेडंबिद्रं बदकच असतं, आयुष्यभर, तर मग बाकीच्यांनी चोची मारल्या ते बरोबर होतं का? गोष्ट त्यावर काही बोलत नाही. १८४३ ची आहे, तिचा दोष नाही, पण आपण अजून तेच करतो. मुलगा रांगोळी काढतो ना, काढू दे, उद्या मोठा आर्टिस्ट होईल. म्हणजे होणार असेल तरच काढू दे?

माझं असं ठाम मत झालंय की या विषयावरच्या पुस्तकाला एकच चाचणी लावायची, शेवटी त्या वेगळ्या पोराला स्वीकारतात ते त्याचा काही उपयोग झाला म्हणून का, की असंच. फर्डिनंड या परीक्षेत पैकीच्या पैकी.

या चाचणीत सणकून नापास होणारं म्हणजे तो चकाकत्या खवल्यांचा मासा, मार्कस फिस्टर यांचं १९९२ चं पुस्तक, इथे प्रत्येक शाळेत असतं, प्रत्येक वाढदिवसाला एक कॉपी येते, आमच्याकडे तीन आहेत. चित्रं झकास, खवले खरेच चमकतात, पण गोष्ट काय तर त्याच्याशी कुणी खेळत नाही म्हणून ऑक्टोपसच्या सल्ल्याने तो आपल्या अंगावरचे खवले एकेक उपटून वाटून टाकतो, स्वतःला एक ठेवतो आणि मग सगळे मित्र होतात. वाटून घ्यावं हे शिकवायचंय हे कळतं हो, पण स्वतःच्या अंगाचे तुकडे? मुलगी म्हणाली बाबा त्याला दुखलं नाही का. मी पान उलटलं.

तुमच्यासाठी दोन सांगतो. एक, मायकेल हॉल यांचं लाल खडूचं पुस्तक, २०१५ चं. खडूवर कागद लाल आहे आणि आतला खडू निळा. स्ट्रॉबेरी काढायला सांगितली तर निळी येते, पिवळ्याशी मिळून नारिंगी करायला सांगितलं तर हिरवं होतं. मग सगळे आपापले सल्ले देतात, नीट मन लावत नाही, अजून दाबून घास, कागद घट्ट झाला असेल. शेवटी कुणीतरी नवीन मैत्रीण येते आणि साधं सांगते की माझ्या होडीला समुद्र काढून देशील का. एवढंच. पुस्तकात एकदाही कुणी तू खास आहेस म्हणत नाही. माझ्या मुलीने पहिल्याच पानावर ओरडून सांगितलं की अरे तो निळा आहे, आणि पुढची पंधरा पानं ती त्या सगळ्या मोठ्या खडूंवर चिडलेली होती, हे बघायला फार मजा येते.

(हो, यात पण समुद्र काढायच्या उपयोगाला येतोच तो, माझ्याच चाचणीत अर्धा मार्क कापला. पण आवडतं मला.)

दुसरं टॉमी डीपाओला यांचं, ऑलिव्हर बटन नावाच्या मुलाचं, १९७९ चं. त्याला चेंडू खेळायचा नसतो, नाचायचं असतं. शाळेच्या भिंतीवर पोरं त्याच्याबद्दल बायल्या अशा अर्थाचं लिहून ठेवतात. हा लेखकाच्या स्वतःच्या लहानपणावर बेतलेला मुलगा आहे. तुमच्या भाऊबीजेच्या सगळ्यात जवळचं हेच. आणि त्यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे स्पर्धेत तो नाचतो आणि हरतो. बक्षीस दुसऱ्याच कुणालातरी मिळतं.

झेडपी_गुरुजी:

वा, छान धागा. शाळा सुटल्यावर वाचतोय, उत्तर लांबेल.

साताऱ्याकडे एका वाडीवर दुशिक्षकी शाळेत आहे. फर्डिनंड मी पहिली-दुसरीच्या पोरांना सांगितलाय, अरविंद गुप्तांच्या साइटवर जगभरातल्या चित्रपुस्तकांची हिंदी-मराठी भाषांतरं फुकट पडलेली आहेत, तिथला माल मी मोबाईलवरून टीव्हीला लावतो आणि गावच्या भाषेत सांगतो. आता आमच्या पोरांना बैल नवीन नाही. कॉर्कचं झाड कळलं नाही, आईचं कुणाला काही वाटलं नाही, पण खोंड बसला म्हटल्यावर वर्गात एकदम चर्चा. एक म्हणाला शेपटी पिरगाळली की उठतो. दुसरा म्हणाला आमचा सोन्या बसलेला असताना उठवलं की शिंग टाकतो. आणि मागून एक बारकं पोरगं, एरवी तोंड उघडत नाही, ते म्हणालं, "गुरुजी पळत नाय म्हटल्यावर इकतील त्याला."

२०२१ ला कोर्टाने परवानगी दिल्यापासून आमच्याकडे शर्यतीचा हंगाम पुन्हा जोरात असतो, पळणाऱ्या खोंडाला लाखात किंमत आणि न पळणाऱ्याचं काय होतं ते त्या पोराने गोठ्यात बघितलेलं आहे. मी म्हटलं नाही रे, पुस्तकात त्याला घरी आणून सोडतात. त्याने माझ्याकडे असं बघितलं की बास. जर्सीवाले बाबा, उपयोगाची तुमची चाचणी आमच्या वर्गात एका सात वर्षांच्या पोराने एका वाक्यात घेतली, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.

त्यांना खरा आवडतो तो एलमर. डेव्हिड मॅकी यांचा, पहिल्यांदा १९६८ ला आलेला, मग १९८९ ला नव्याने छापला तो जगभर गेला. रंगीबेरंगी चौकटींचा हत्ती, मी त्याचं नाव गोधड्या ठेवलंय कारण आमच्या पोरांच्या घरी गोधडी असतेच आणि बघताक्षणी तीच आठवते. आपल्याला सगळे हसतात असं वाटून तो पहाटे गुपचूप निघतो, हत्तीच्या रंगाच्या फळांत लोळून अंग करडं करून घेतो आणि कळपात येऊन उभा राहतो. कुणी ओळखत नाही. आणि मग त्याला दिसतं की सगळा कळप कसा मुका, गंभीर उभा आहे. ते पान मी मुद्दाम लांबवतो, वर्गात चिडीचूप, आणि मग त्याला हसू आवरत नाही आणि तो जो काही ओरडतो तेव्हा पोरं अक्षरशः उडतात. वर पाऊस येतो आणि रंग धुऊन जातो.

मॅकींच्या पत्नी अँग्लो-इंडियन वंशाच्या होत्या, आणि इंग्लंडमध्ये रस्त्याने जाताना त्यांच्या मुलीला कुणीतरी वर्णावरून घाणेरडी हाक मारली, त्या प्रसंगाचा एलमरशी संबंध त्यांनीच सांगितलाय. म्हणजे हत्ती आपल्याकडचा नसला तरी दुखणं काही अगदी परकं नाही.

मराठीत विचाराल तर 'स्वतःसारखं राहा' असं कपाळावर लिहिलेलं पुस्तक शोधू नका. माधुरी पुरंदऱ्यांची घ्या, ज्योत्स्ना प्रकाशनाची, यशच्या गोष्टी, राधाचं घर, बाबांच्या मिश्या. त्यात संदेशच नाही. पोरगं पोरासारखं वागतं, हट्ट करतं, घाबरतं, खोटं बोलतं, आणि मोठी माणसं जवळपास कामं करत असतात. मला विचाराल तर सहा वर्षांच्या पोराला हेच जास्त लागू पडतं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरही मराठी गोष्टी भरपूर आहेत, फुकट, पण निवडून घ्याव्या लागतात, सुविचारवाले ससे तिथेही आहेत.

कांदेपोहे_विदाऊट_शेंगदाणे:

कुणीच कसं नाव नाही घेतलं, कनक शशी यांचं गुठलीचं पुस्तक! चेन्नईच्या तूलिकाने काढलंय. गुठलीला फ्रॉक घालायचा असतो आणि घरचे म्हणतात तू मुलगा आहेस. कागदाची कातरकाम केल्यासारखी चित्रं, इतकी गोड आहेत. आपल्या इथलं घर, आपल्या इथली माणसं, साहेबाचा बैल नको की हत्ती नको.

खवट_आजोबा:

रांगोळी काढतो म्हणजे फ्रॉक घालायचाय असं कुणी सांगितलं? काहीतरी गल्लत होतेय.

कांदेपोहे_विदाऊट_शेंगदाणे:

तसं मी म्हटलंच नाहीये आजोबा. रांगोळी काढली म्हणून त्याला ताई म्हटलं, ती गल्लत आधी पाहुण्यांनी केली. आणि समजा उद्या त्याला किंवा त्याच्या वर्गातल्या कुणाला फ्रॉक घालावासा वाटलाच तर गुठली वाचलेली बरी. पण हो, त्याच्यासाठी पहिलं पुस्तक तेच द्यावं असं नाही, ते कळतंय मला.

डोंबिवलीची_मावशी:

गुठली माझ्याकडे आहे, मुलं फार सहज वाचतात, प्रश्न पालकांनाच पडतात. सात_ते_सात, हवी ती पुस्तकं मी कुरिअरने पाठवू शकते, वाचून परत करा. एलमर सध्या बाहेर गेलाय आणि त्याचं मधलं एक पान चिकटपट्टीने लावलेलं आहे, चालणार असेल तर नंबर लावते.

सात_ते_सात:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, इतक्या उत्तरांची अपेक्षा नव्हती. गुरुजी, तुमच्या त्या बारक्या पोराचं वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं, तो जेवता जेवता थांबला.

तर अपडेट. ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडे फर्डिनंड निघाला, आठ दिवस झाले, रोज रात्री तोच. मावशींचं ऐकून एक अक्षर विचारलं नाही. पहिले तीन दिवस त्याला एकच काळजी, भुंगा मेला का. फर्डिनंडचं काही का होईना, भुंगा मेला का. बुचं अजून दिसलेली नाहीत, मी गप्प आहे, फार अवघड जातंय.

परवा आईच्या पानावर थांबला. गायीच्या तोंडाकडे बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, ही हसली नाही का त्याला?

मी म्हटलं, नाही हसली. मग माझ्याच्याने राहवेना, म्हटलं मी हसले होते त्या दिवशी, चुकलं माझं. तर म्हणतो, माहितीये मला. आणि पान उलटलं आणि पुन्हा भुंगा.

रांगोळी दारात अजून काढत नाही आणि आम्ही काही म्हणणारही नाही. डबा चपलांच्या स्टँडवरच आहे. काल त्याचं झाकण तिरकं लागलेलं होतं, सासूबाईंनी ते तसंच ठेवलं.

मावशी, एलमरला नंबर लावा, चिकटपट्टी चालेल. आणि पुरंदऱ्यांची मी विकतच घेणार आहे.

खवट_आजोबा:

पोराला सांगा, भुंगा डंख मारून मरत नाही, मधमाशी मरते. भुंग्याच्या नांगीला आकडे नसतात, ती सहज बाहेर येते, तो पुन्हा डसू शकतो. आता अख्खा बैल वर बसल्यावर काय झालं असेल ते मात्र मला विचारू नका.